पोवार आधी की पोळ?

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा कुठली काठी पुढं आणि कुठली मागं यावर तिथं उभ्याउभ्या चर्चा होत नाही. ती चर्चा कैक पिढ्यांपूर्वी संपली आहे. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीचा, तिच्यामागं पाटण तालुक्यातलं विहे, आणि मग करवीर, किवळ, कसबा सांगाव, कसबा डिग्रज, कवठे एकंद यांच्यासह बाकीच्या मानाच्या काठ्या आपापल्या नंबरानं. गुलालात शेजारचा माणूस ओळखू येत नसतो, पण काठीचा नंबर चुकत नाही. आता हीच सात नावं कुणी वर्डमध्ये एकाखाली एक टाईप केली, सगळी निवडली आणि 'ए'च्या खाली 'झेड' व शेजारी बाण असं चित्र असलेलं बटण दाबलं, तर करवीर पहिलं येतं. मग कवठे एकंद, कसबा डिग्रज, कसबा सांगाव, किवळ. आणि अगदी तळाला पाडळी आणि विहे. म्हणजे मानाच्या पहिल्या दोन काठ्या यादीत शेवटच्या दोन. पाडळी 'निनाम' लावून लिहा, विहे 'मौजे' लावून लिहा, तळ काही सुटत नाही. अशी यादी छापून कुणी डोंगरावर वाटलीच, तर त्याच्याच नावानं चांगभलं म्हणायची वेळ येईल.

क्रम लावणं म्हणजे मान ठरवणं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. लग्नपत्रिकेत कुठल्या काकांचं नाव कितव्या ओळीत, सत्कारात पहिला नारळ कुणाला, वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर कुणाचा फोटो ताटाएवढा आणि कुणाचा वाटीएवढा, यावरून घरं तुटलेली आहेत. वर्णानुक्रम हा या सगळ्यावर काढलेला तह आहे. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी बारीक टाइपात 'नावे वर्णानुक्रमे' असं छापलं, की त्याचा अर्थ एवढाच: आम्हाला कुणाशी भांडायचं नाही, तक्रार असेल तर ज्या पूर्वजानं तुम्हाला हे आडनाव दिलं त्याच्याकडं न्यावी. पण हा तह उभा आहे तो एकाच गृहीतावर. अक्षरांचा क्रम यादी लावणाऱ्याला आणि यादी वाचणाऱ्याला सारखाच पाठ आहे, असं आपण धरून चालतो. संगणकावर नेमकं हेच गृहीत ढासळलं, आणि गंमत अशी की काठीच्या एका नंबरासाठी कोर्टाची पायरी चढेल अशा समाजानं आपल्या एका अक्षराचा नंबर परस्पर बदलला गेला तरी हूं की चूं केलं नाही. करायला हवं होतं. बदललेला नंबर दुरुस्त करून घेण्याची सोय आहे; ती मागायला कुणी जात नाही, एवढाच काय तो अडसर.

ते अक्षर म्हणजे ळ. शाळेच्या तक्त्यावर त्याची जागा पक्की होती: य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं वर्णमाला प्रमाणित केली, १० नोव्हेंबर २०२२ ला ती अद्ययावत केली; तिथंही ळ ह च्या मागंच उभा आहे. संगणकाला मात्र तक्ता दिसत नाही, त्याला प्रत्येक अक्षराचा क्रमांक दिसतो. युनिकोड या क्रमांकपद्धतीत ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१. म्हणजे ळ नं व, श, ष, स, ह या पाच जणांना ओलांडून थेट ल च्या शेजारी मुक्काम ठोकला आहे. यात कुणाचं कारस्थान नाही. भारतीय लिप्यांचा 'इस्की' नावाचा जो सामाईक आराखडा १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आला, त्यात सगळ्या लिप्यांना एकाच साच्यात बसवायचं होतं, आणि युनिकोडनं देवनागरी घेताना तोच साचा उचलला. साचा सामाईक असला की कुणाची तरी बाही आखूड होते. मजेची गोष्ट म्हणजे कन्नडमध्येही ळ ह च्या नंतरच येतो आणि कन्नडचाही ळ याच साच्यात ल ला चिकटवलेला आहे. सीमाप्रश्नावर जे दोन पक्ष एका टेबलाला बसायला तयार नसतात, ते ळ च्या बाबतीत एकाच बाकावरचे अन्यायग्रस्त आहेत. गुजराती आणि तेलुगूही त्याच बाकावर सरकून बसतात. आणि ज्या हिंदीला ळ सहसा लागतच नाही, तिला या सगळ्याचा ना फायदा ना तोटा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ळ नं सुरू होणारा एक शब्द दाखवा! शब्दच नाही, तर यादीत ळ चं पान नाही, आणि पान नाही तर भांडण कसलं? आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण यादी पहिल्या अक्षरावर थांबत नसते. कोल्हापुरात पवार कमी आणि पोवार जास्त. आता पोवार आणि पोळ ही दोन आडनावं घ्या. शाळेच्या क्रमानं पोवार आधी, पोळ नंतर. युनिकोडच्या क्रमांकानं पोळ आधी, पोवार नंतर. एखाद्या गल्लीत पोवारांचीच चाळीस घरं असतील, तर हजेरीपटावर हा एकटा पोळ चाळीस पोवारांच्या डोक्यावर बसतो किंवा चाळिसांच्या पायाशी जातो. मधली जागाच नाही. तीच गत केळकर आणि केसरकरांची, शेळके आणि शेवाळ्यांची, माळी आणि मासाळांची. ळ नावाच्या सुरुवातीला येत नाही हे खरं, पण मराठी नावांच्या पोटात तो इतक्या ठिकाणी आहे, की नंबर त्याचा हलला तरी धक्का दुसऱ्यांनाच बसतो. खुद्द जोतिबाच्या डोंगराचा पन्हाळा तालुका आणि पहिल्या मानाची पाडळी दोन्ही त्याच्याशिवाय लिहिता येत नाहीत.

एखादा भाषातज्ज्ञ इथं म्हणेल, की ळ ल च्या शेजारी असणं उच्चाराच्या दृष्टीनं काही वावगं नाही, उलट आपला वर्णक्रम उच्चारावरच उभा आहे. हे निम्मं बरोबर आहे. कंठापासून ओठापर्यंत क च ट त प अशी शिस्तीत येणारी आपली रांग आणि कुणीही कुठंही उभं राहिलेली 'ए बी सी' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण जिभेचाच हिशोब लावायचा तर ळ म्हणताना जीभ मागं वळते, म्हणजे त्याचं बिऱ्हाड ट, ठ, ड, ढ, ण यांच्या वाड्यात हवं. ल दंत्य आहे, ळ मूर्धन्य. त्यामुळं ल च्या शेजारची जागा ना परंपरेची ना उच्चाराची. ती निव्वळ आराखडा करणाऱ्यांच्या सोयीची आहे.

ळ वर एवढं थांबायचं कारण की त्याचा गुन्हा सगळ्यात सरळ दिसतो. बाकीचे प्रकार जास्त गुंतागुंतीचे आहेत, आणि काहींत आपलं आपल्यातच एकमत नाही. अनुस्वाराचं घ्या. बाराखडी म्हणताना क का कि की करत कौ कं कः अशी आपण सांगता करतो. म्हणजे कागल, किणी, कौलव सगळे संपल्यावर कंदलगाव. नुसत्या क्रमांकानं गेलं तर अनुस्वार सगळ्या अक्षरांच्या आधीचा, त्यामुळं कंदलगाव कबनूरच्याही पुढं. तिसरा पंथ म्हणतो, कंद म्हणजे कन्द, तेव्हा न च्या रांगेत बघा. इथं यंत्राला दोष देण्याआधी आपणच एक काय ते ठरवलेलं बरं. क्ष चंही तसंच. संस्कृत कोशांत तो क च्या घरात नांदतो आणि शाळेच्या तक्त्यावर ज्ञ ला घेऊन वेगळा राहतो. कोल्हापुरातल्या क्षीरसागरांना दोन्हीकडं शोधायची तयारी ठेवावी. पण ॲ च्या बाबतीत वाद नाही, नुसता घोटाळा आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ मध्ये, दाखल झालं, आणि तोवर पुढच्या खुर्च्या भरल्या होत्या. त्याला क्रमांक मिळाला २४१८. ह च्या पलीकडं, पूर्णविरामाच्या दंडाच्या पलीकडं, ० ते ९ या आकड्यांच्याही पलीकडं. त्यामुळं निव्वळ क्रमांकांवर लावलेल्या यादीत 'ॲड.' लिहिलेले सगळे वकील सर्वांत शेवटी, आकड्यांच्याही मागं जातात. मात्र एखाद्या टंकलेखकानं अ वर चंद्र देऊन तेच अक्षर जुळवलं असेल, तर तो एकटा वकील अ च्या घरात पहिल्या पानावर. कागदावर दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात. दोघांपैकी कुणी कुणाविरुद्ध दावा लावायचा, ते त्यांचं ते जाणोत.

ज्यांना हे सगळं नव्या जमान्याचं खूळ वाटतं, त्यांनी जुन्या फॉन्टांचे दिवस आठवावेत. कृतीदेवसारख्या फॉन्टात मराठी अक्षर हे खरं मराठी नसायचंच. आत रोमन अक्षर आणि वर मराठी मुखवटा. क दिसायचा, पण आत 'डी'. म च्या आत 'ई', ब च्या आत 'सी', प च्या आत 'आय', अ च्या आत 'व्ही'. क्रम लावायला सांगितला की यंत्र मुखवट्याला भुलत नसे, ते आतल्या अक्षरावर जाई. त्यामुळं मराठी यादीत ब, मग क, मग म असा क्रम, आणि अ पार शेवटाकडं, न च्या मागं. त्याच्याही मागं ग, कारण त्याच्या आत 'एक्स'. म्हणजे देवांची यादी लावली, तर अंबाबाई शेवटाकडं आणि अग्रपूजेचा मानकरी गणपती तिच्याही मागं. आणखी मौज पहिल्या वेलांटीची. टाईपरायटरच्या रिवाजाप्रमाणं ती अक्षराच्या आधी टंकायची, म्हणून यंत्राच्या लेखी शब्दच वेलांटीनं सुरू व्हायचा. परिणामी विहे, किवळ, गिरोली, निगवे, शिये आणि महाराष्ट्रातले तमाम शिंदे एका छताखाली, 'एफ' च्या. सर्वधर्मसमभावाचा इतका यशस्वी प्रयोग पुन्हा झाला नाही. युनिकोडनं ही वेलांटी उच्चाराप्रमाणं अक्षरानंतर ठेवली, हे त्याचं ऋण मान्य करूनच ळ ची तक्रार मांडली पाहिजे.

मग उपाय? वर्डमध्ये सॉर्टच्या खिडकीत 'ऑप्शन्स' आहे, आणि त्याच्या आत 'सॉर्टिंग लँग्वेज' नावाची एक चौकट आहे. तिथं बहुतेकांची बोटं कधी पोचलेलीच नसतात, त्यामुळं कागद मराठी, अक्षरं मराठी, गावं मराठी आणि क्रम लावणारी भाषा इंग्रजी, असा कारभार चालतो. मराठीचा स्वतंत्र नियम लिहिलेला नाही असं नाही. युनिकोड संघटनेनं जगभरच्या भाषांच्या चालीरीतींचा जो नोंदसंग्रह ठेवला आहे, त्यात मराठीच्या नावावर ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ असं स्पष्ट नोंदलं आहे. तो नियम कुठल्या प्रोग्रॅमनं पाळायचा आणि कुठल्यानं नाही, ही त्या त्या प्रोग्रॅमची मर्जी. आणि आपला नियम आपणच लिहून वर्डला शिकवावा म्हटलं, तर तशी खिडकीच नाही. एक्सेलमध्ये निदान स्वतःची यादी क्रमानं भरून ठेवता येते. ती नसेल तर आपल्या महिन्यांचं काय होतं पाहा: आश्विन, आषाढ, कार्तिक, चैत्र, ज्येष्ठ, पौष, फाल्गुन, भाद्रपद, माघ, मार्गशीर्ष, वैशाख, श्रावण. दसरा आषाढी एकादशीच्या आधी, आणि दिवाळी आटोपल्यावर गुढीपाडवा. वर्डपुरता जुना, खात्रीचा मार्ग एकच. नावाच्या डावीकडं एक जादा रकाना घ्यायचा, त्यात आपल्याला हवा तो नंबर घालायचा, नंबरावर क्रम लावायचा आणि छापण्याआधी रकाना उडवायचा. म्हणजे सासनकाठीचीच पद्धत. फरक इतकाच, की डोंगरावर नंबर उघड असतो आणि कार्यालयात तो छापण्याआधी गायब होतो. या रकान्यातही एक खोच आहे. तो 'नंबर' ऐवजी 'टेक्स्ट' म्हणून राहिला, तर यंत्र पहिला आकडा बघतं, आणि १० नंबरची काठी २ नंबरच्या पुढं निघते. ०१, ०२ असं लिहिलं की ते ताळ्यावर येतं. एका शून्यानं टळणारे तंटे आपल्याकडं फार नाहीत, तेव्हा हा टाळावाच.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. आता शोधायची सोय आहे, नाव टाईप केलं की सापडतं, क्रम हवाय कुणाला? छापलेल्या मतदारयादीवर आणि भिंतीला डकवलेल्या निकालावर शोधायची चौकट नसते, हे उत्तर पुरेसं आहे. पण त्याहून चांगलं उत्तर जोतिबाच देतो. त्याचं नाव कुणी जोतिबा लिहितं, कुणी जोतीबा, कुणी ज्योतिबा. शोधणाऱ्या चौकटीला साधारणतः टंकलं तेवढंच सापडतं. एक लिहून शोधलं तर बाकीचे दोन हाताला लागतीलच असं नाही, आणि जे सापडलं नाही ते नाहीच, असा समज पक्का होतो. क्रम लावलेल्या यादीत जोतिबा आणि जोतीबा शेजारीशेजारी येतात आणि डोळ्याला खटकतात. ज्योतिबा मात्र जोडाक्षर असल्यानं सगळी बाराखडी संपल्यावर येतो, आणि मधे सगळे जोशी. तेवढं पान उलटायला लागतं, पण निदान पान असतं.

तिसरा आक्षेप शहाण्या माणसांचा आहे. क्रम हा शेवटी संकेतच, मग यंत्राचा संकेत घ्या आणि मोकळे व्हा. जगात असं झालेलंही आहे. स्पॅनिशमध्ये 'सीएच' आणि दुहेरी 'एल' या जोड्यांना शब्दकोशात स्वतंत्र अक्षराचा मान होता. १९९४ मध्ये तो काढून घेतला गेला. स्वीडिशमध्ये 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकाच घरात राहत होते, २००६ च्या अकादमीच्या कोशात त्यांची वाटणी झाली. पण दोन्हीकडं हा निर्णय त्या भाषेच्या अकादम्यांनी केला. सकाळी उठून संगणक उघडला आणि अक्षर हललेलं दिसलं, असं झालं नाही. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहराची कथा याहून बोलकी. त्याचं नाव ज्या अक्षरानं लिहीत ते डॅनिश वर्णमालेत सर्वांत शेवटचं. २०११ पासून शहरानं ते नाव पुन्हा जुन्या पद्धतीनं, दोन 'ए' घालून लिहायला घेतलं. परदेशी याद्यांत ते एकदम पहिल्या ओळीत गेलं, आणि घरच्या याद्यांत जिथल्या तिथं, कारण डॅनिश नियमात दोन 'ए' म्हणजे तेच शेवटचं अक्षर. परदेशात मान मिळवला आणि घरचा क्रमही मोडला नाही, इतका धूर्तपणा आपल्या एखाद्या नगरपालिकेला जमला असता तर मिरवणूक निघाली असती. जर्मन लोकांनी तर आपल्या टिंबवाल्या अक्षरांसाठी कोशाचा एक आणि टेलिफोन डिरेक्टरीचा दुसरा असे दोन क्रम ठेवले आहेत, आणि विंडोजमध्ये दोन्ही मिळतात. मागणाऱ्याला मिळतं ते असं.

राहिला चौथा आक्षेप, आणि तो मात्र जड आहे. ज्याला त्याला आपला नियम लावायची मुभा दिली, तर तालुक्यागणिक वर्णमाला होईल. ही भीती खरी आहे. म्हणून अक्षरांचा नियम सगळ्या मराठीला एकच असावा, आणि तो यादीच्या तळाशी एका ओळीत छापलेला असावा. पण अक्षरांपलीकडं काही निवाडे असे असतात, की ते तिथल्या माणसानंच करावेत. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं, जिच्या कारभारात जोतिबाही येतो, तीन हजारांहून अधिक देवस्थानं आहेत. समजा कुणी अशा यादीत प्रत्येक देवापुढं 'श्री' लावलं आणि बटण दाबलं, तर तीन हजार देव एका श मध्ये. ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकाच्या नावातला सुरुवातीचा 'द' वगळून क्रम लावायची रीत आहे, तसा श्री वगळता येईल, मौजे वगळता येईल. कसबा वगळला तर कसबा बावडा ब मध्ये जातो आणि ते चालतं, कारण तिथले लोक नुसतं बावडाच म्हणतात. 'तर्फ' मात्र वगळून भागत नाही, कारण पोहाळे तर्फ आळते आणि पोहाळे तर्फ बोरगाव ही दोन वेगळी गावं आहेत, आणि एकाचा दाखला दुसऱ्याला चालत नाही. आणि वाडी वगळली तर जोतिबाचं गाव, वाडी रत्नागिरी, थेट कोकणात जाऊन बसतं. न वगळावी तर डोंगरावर जायला निघालेला भाविक व च्या पानावर बघत नाही, तो ज उघडतो. तेव्हा ज मध्ये 'जोतिबा: वाडी रत्नागिरी पाहा' अशी एक जादा ओळ हातानंच घालावी लागते. पुढं कुणी ते बटण कितीदा दाबलं तरी ती ओळ हलत नाही, कारण ज ला अजून कुणी हात लावलेला नाही.